डाळिंबाचे दाणे, इफ्तारचं ताट आणि स्तनाचा कॅन्सर

रमजान लागला की गावातल्या फळबाजाराचा नूर बदलतो. असरची नमाज झाली, ऊन जरा कललं की हातगाड्यांभोवती गर्दी सुरू होते. कलिंगडाच्या लाल फोडी, पपई, केळी, चिकू, द्राक्षांचे घोस, खजुराचे ढीग आणि मध्ये कापून ठेवलेलं एखादं डाळिंब, दाणे दिसावेत म्हणून. गाडीवाला रमेश असो की रहीम, या महिन्यात त्याला बोलायला फुरसत नसते. घेणारेही सगळे रोजेदारच असतात असं नाही. शेजारच्या घरी इफ्तारला फळं द्यायची म्हणून घेणारे असतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची संकष्टी किंवा एकादशी म्हणून घेणारेही असतात. उपास कोणाचाही असो, तो सोडताना फळ हवं, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे.

याच दिवसांत मोबाइलवरच्या संदेशांनाही बहर येतो. 'डाळिंबाचा रस प्या, स्तनाचा कॅन्सर पळवा', 'लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट गुणकारी', 'जर्दाळूच्या बिया खा, गाठ विरघळेल'. पाठवणाऱ्याची नियत चांगली असते. आपल्याला कळलं, ते चार जणांना कळावं, सवाब मिळावा, पुण्य लागावं. पण हे संदेश ज्यांच्या घरात आजार आहे, त्यांच्याही हातात पडतात. आणि ज्या बाईला आंघोळ करताना छातीत गाठ लागली आहे, पण तिनं अजून कोणाला सांगितलेलं नाही, तिच्याही हातात पडतात. म्हणून या संदेशांमध्ये खरं किती आणि वाढवलेलं किती, हे बघायला हवं. मी डॉक्टर नाही, कॉलेजात शिकवणारी बाई आहे. पण या विषयावर झालेलं संशोधन उघड आहे, वाचता येतं, आणि ते सोप्या शब्दांत सांगता येतं.

दाण्यात आहे तरी काय?

सुरुवात डाळिंबापासूनच करू. कुरआनात ज्या थोड्या फळांची नावं आली आहेत, त्यांत डाळिंब आहे. 'रुम्मान' या नावानं त्याचा उल्लेख तीन ठिकाणी येतो. आपल्या महाराष्ट्राशी तर त्याचं नातं घरचंच. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापूरलाच आहे. माण, सांगोला, आटपाडीकडच्या कोरड्या जमिनीत या फळानं कित्येक घरं उभी केली.

डाळिंबाची साल आणि दाण्यांमधला पडदा तुरट का लागतो? त्यातल्या टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे. चहा फार उकळला की जो तुरटपणा येतो, त्याच कुळातलं हे द्रव्य. डाळिंबातल्या टॅनिनला शास्त्रज्ञ एलाजिटॅनिन म्हणतात. त्याचा रेणू इतका मोठा असतो की तो आतड्यातून रक्तात जसाच्या तसा जात नाही. पोटात गेल्यावर तो फुटतो आणि त्यातून एलाजिक आम्ल निघतं. मग आपल्या आतड्यात राहणारे जिवाणू त्या आम्लावर काम करतात आणि त्यापासून युरोलिथिन नावाची लहान द्रव्यं तयार होतात. म्हणजे फळ आपण खातो, पण त्यातलं कामाचं द्रव्य बनवतात ते हे जिवाणू.

आता दुसरी बाजू. स्तनाच्या कॅन्सरचे बरेच प्रकार इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसले जातात. हे कळायला सुरुवात झाली १८९६ मध्ये. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या काही रुग्ण स्त्रियांची अंडाशयं काढली आणि त्यांच्या गाठी लहान झाल्याची नोंद केली. तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कोणाला ठाऊक नव्हतं. पाळी बंद झाल्यावर अंडाशयं थकतात, पण इस्ट्रोजेन पूर्ण थांबत नाही. शरीरातल्या चरबीत ॲरोमॅटेज नावाचं एक विकर असतं, ते दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं. म्हणून पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. आणि म्हणूनच लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल ही औषधं दिली जातात; ती या ॲरोमॅटेजलाच अडवतात.

२०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेतल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. डाळिंबाच्या एलाजिटॅनिनपासून निघणारी दहा द्रव्यं त्यांनी तपासली होती. त्यांतली काही, विशेषतः युरोलिथिन बी, ॲरोमॅटेजला अडवतात आणि कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते, असं त्यांना दिसलं. बातमी जगभर गेली. आज फिरणाऱ्या डाळिंबाच्या संदेशाचं मूळ शोधत गेलं तर ते बहुधा इथं सापडतं. म्हणजे संदेश पूर्ण खोटा नाही. पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो.

बशीतली पेशी आणि अंगातली गाठ

तो प्रयोग झाला तो काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. या पेशींच्या कुळाला एमसीएफ-७ म्हणतात. १९७० च्या सुमारास मिशिगनमधल्या एका आजारी कॅथलिक ननच्या शरीरातून त्या घेतल्या गेल्या, आणि तिच्या पश्चात आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. स्तनाच्या कॅन्सरबद्दल आज जे माहीत आहे, त्यातला मोठा हिस्सा त्या एका बाईच्या पेशींनी शिकवला आहे.

पण बशी म्हणजे शरीर नव्हे. बशीत द्रव्य हवं तेवढं ओतता येतं. शरीरात ते पचावं लागतं, आतड्यातून रक्तात जावं लागतं, यकृताच्या हातून सुटावं लागतं आणि मग गाठीपर्यंत पोचावं लागतं. तो निबंध आला तेव्हाच जाणकारांनी हा मुद्दा काढला होता की, प्रयोगात वापरलेल्या तीव्रतेइतकं द्रव्य नुसतं डाळिंब खाऊन रक्तात येणं अवघड आहे. शिवाय सगळ्यांच्या आतड्यातले जिवाणू सारखे नसतात. एकाच घरातल्या दोघींनी तेवढंच डाळिंब खाल्लं, तरी एकीच्या पोटात युरोलिथिन भरपूर तयार होतं, दुसरीच्या पोटात वेगळ्या जातीचं होतं, तिसऱ्या एखादीच्या पोटात जवळजवळ होतच नाही.

पुढे स्पेनमधल्या संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकलं. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना त्यांनी वनस्पतींमधल्या अशा द्रव्यांच्या कॅप्सूल दिल्या आणि मग काढलेल्या गाठीत ती पोचली का, ते बघितलं. पोचली होती. पण यकृतानं आणि आतड्यानं त्यांना दुसरे रेणू जोडून त्यांचं रूप बदललं होतं. बशीत ज्या रूपात ती पेशींशी लढली होती, त्या रूपात ती नव्हती; आणि बदललेल्या रूपात तो गुण जवळजवळ उरत नव्हता. आणखी एका छोट्या चाचणीत पाळी गेलेल्या निरोगी स्त्रियांना तीन आठवडे रोज डाळिंबाचा रस दिला गेला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा त्यांच्या संप्रेरकांत ठळक फरक दिसला नाही. फक्त ज्यांचं वजन बेताचं होतं, त्यांच्यात थोडा फरक दिसला. त्यावरून औषध ठरत नाही.

ही गोष्ट आपल्या जुन्या हकिमांना ठाऊक नव्हती असं मात्र नाही. इब्न सीना यांनी अकराव्या शतकात 'अल-कानून फित्तिब' हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात औषध पारखायचे नियम दिले आहेत. त्यांतला एक असा की, औषधाची परीक्षा माणसाच्या शरीरावरच व्हायला हवी. सिंहावर किंवा घोड्यावर एखाद्या औषधाचा परिणाम दिसला म्हणून तो माणसावरही दिसेलच, असं नाही. आणखी एक असा की, परिणाम नेहमी, पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे. एकदाच दिसला तर तो योगायोग समजावा. हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या मोबाइलच्या संदेशाला लावून बघा. घोड्याच्या जागी काचेची बशी आली, एवढाच फरक.

नंदुरबारचे वाणी

याचा अर्थ वनस्पतीत कॅन्सरवरचं औषध सापडत नाही, असा कोणी काढू नये. सापडतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी आज परळपासून पॅरिसपर्यंत दिलं जाणारं एक मोठं औषध म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, आणि ते एका झाडाच्या सालीत सापडलं. शोधणाऱ्या दोघांपैकी एक होते मनसुख वाणी. जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढं अमेरिकेला गेले. तिथं मन्रो वॉल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी वनस्पतींमधली द्रव्यं वेगळी काढायचं काम आयुष्यभर केलं. २०२० मध्ये ते वारले. खानदेशातल्या किती घरांत त्यांचं नाव ठाऊक असेल?

या औषधाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९६२ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल आणली गेली. तिचा अर्क पेशींना मारतो हे दिसलं. मग त्या अर्कातल्या शेकडो द्रव्यांमधून नेमकं कोणतं काम करतं, ते वेगळं काढायचं होतं. वॉल आणि वाणी यांनी त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. ते पेशीत नेमकं काय करतं, हे सुझन हॉरविट्झ या बाईंनी १९७९ मध्ये दाखवलं. पेशी दुभंगताना तिच्या आत जो सांगाडा उभा राहतो, तो हे द्रव्य गोठवून टाकतं. मग पेशीला दुभंगता येत नाही. त्यानंतर माणसांवर चाचण्या झाल्या. किती डोस द्यायचा, किती दिवसांनी द्यायचा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती खाली येतात, हात-पाय किती बधिर होतात, सगळं मोजलं गेलं. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

साल झाडावरून उतरली आणि स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या सलाइनमध्ये गेली, यात बत्तीस वर्षं गेली. कोणी ती साल उकळून रुग्णांना पाजली नाही. पाजली असती तर डोस कमी पडला असता, किंवा विषबाधा झाली असती. यूचं झाड विषारी आहे. डाळिंबातल्या युरोलिथिनचा प्रवास अजून पहिल्या टप्प्यांवरच आहे. त्यातून उद्या औषध निघेलही. आज ते औषध नाही.

बियांचा आणि गोळ्यांचा धंदा

ज्या संदेशांनी नुकसान होऊ शकतं, त्यांच्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं.

जर्दाळू म्हणजे आपली खुबानी. हैदराबाद आणि मराठवाड्याकडच्या दस्तरखानावर खुबानीचा मीठा असतोच. गोड खुबानीच्या बीतला बदाम घरोघरी खाल्ला जातो, त्याबद्दल हे नाही. पण कडू जर्दाळूच्या बियांत ॲमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड निघतं. त्याच्यापासून बनवलेलं लेट्रिल नावाचं औषध 'व्हिटॅमिन बी-१७' म्हणून विकलं गेलं. असं कोणतंही व्हिटॅमिन नाही. अमेरिकेत १७८ कॅन्सर रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, तिचा निकाल १९८२ मध्ये आला. कोणाचाही आजार बरा झाला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण धोक्याच्या जवळ गेलं. इतकं होऊनही या बिया आजही कॅन्सरवरचा उपाय म्हणून विकल्या जातात.

लक्ष्मणफळ हा सीताफळाचा भाऊ. त्यातली काही द्रव्यं बशीत कॅन्सरच्या पेशी मारतात, हे खरं. 'दहा हजार पट' हा आकडा तिथूनच कुठून तरी उचललेला. पण माणसांच्या कॅन्सरवर ते चालतं असं दाखवणारी चाचणी नाही. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा पुष्कळ घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा मेंदूचा आजार जास्त दिसल्याची नोंद १९९९ मध्ये झाली. कधीमधी एक फोड खाल्ली तर घाबरायचं कारण नाही. पण रोज कॅप्सूल आणि काढा म्हणजे फळ खाणं नव्हे.

गोळीबद्दलचा सगळ्यात मोठा धडा गाजरा-आंब्यातल्या पिवळ्या रंगानं दिला. त्याचं नाव बीटा कॅरोटीन. ज्यांच्या आहारात ते जास्त, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा सगळे चकित झाले. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त होता. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. फळात तेच द्रव्य असतं, पण बेतानं असतं, चोथ्यासोबत असतं, इतर पन्नास द्रव्यांच्या संगतीत असतं. एकटं काढून मोठ्या मापात दिलं की त्याचा स्वभाव बदलू शकतो.

मग फळं खायची की नाही?

खायची, जरूर खायची. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासात हजारो स्त्रियांच्या आहाराची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. २०१९ मध्ये त्याचा एक हिशेब प्रसिद्ध झाला. दिवसाला फळं-भाज्यांचे साडेपाचहून जास्त वाटे खाणाऱ्या स्त्रियांमध्ये, अडीच किंवा त्याहून कमी वाटे खाणाऱ्यांपेक्षा स्तनाचा कॅन्सर ११ टक्क्यांनी कमी दिसला. त्याआधी २०१६ मध्ये आलेला हिशेब तर आईबापांनी लक्षात ठेवावा असा आहे. वयात येण्याच्या वर्षांत ज्या मुलींनी फळं भरपूर खाल्ली, दिवसाला साधारण तीन वाटे, त्यांना पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फळं जेमतेम खाणाऱ्या मुलींपेक्षा सुमारे पाव हिश्शानं कमी होतं. अशा अभ्यासांत कारण फळंच आहेत, हे शंभर टक्के सिद्ध होत नाही. फळं खाणाऱ्या घरांच्या इतर सवयीही वेगळ्या असतात. पण इशारा पुरेसा आहे. आपल्या घरांत इफ्तारला किंवा उपासाला फळांची बशी फिरते तेव्हा आधी कोणापुढं जाते? घरातल्या पुरुषांपुढं, मग मुलग्यांपुढं. बारा-चौदा वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात भजी तळत असते. तिची बशी आधी काढून ठेवा.

पण जिला कॅन्सर झालेला आहे, तिच्यासाठी फळं हा उपचार आहे का? हाही प्रश्न विचारून झाला आहे. अमेरिकेतच लवकरच्या अवस्थेतल्या स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या ३,०८८ स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला भाज्या, फळं, रस आणि चोथा यांचा भरगच्च आहार, दुसऱ्याला नेहमीचा चांगला आहार. सात वर्षांहून जास्त काळ त्यांची नोंद ठेवली. २००७ मध्ये निकाल आला: कॅन्सर परत येण्यात किंवा मृत्यूत दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे फळं शरीराला बळ देतात, पोट साफ ठेवतात, वजन आटोक्यात ठेवायला मदत करतात. झालेली गाठ विरघळवत नाहीत.

रमजानच्या ताटाबद्दल एवढंच म्हणेन. सात खजूर, साखरेचं सरबत, समोसे आणि वर फळं, असं असेल तर फळांचा गुण तेलात आणि साखरेत बुडतो. डाळिंबाचा रस काढण्यापेक्षा दाणे खावेत. चोथा त्यातच आहे. पपई, पेरू, संत्री आपल्या गावात मिळतात आणि परवडतात. महागडं परदेशी फळ हवंच असं काही नाही.

औषध चालू असताना

ज्यांच्यावर उपचार चालू आहेत, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. पपनसाच्या जातीचं ग्रेपफ्रूट नावाचं आंबट-कडू फळ असतं. त्यातली द्रव्यं आतड्यातल्या एका विकराला बंद पाडतात. हे विकर अनेक औषधांचा निचरा करत असतं. ते बंद पडलं की औषधाचं रक्तातलं प्रमाण एकदम वाढतं. हा शोध कॅनडात १९८९ मध्ये अपघातानंच लागला. स्तनाच्या कॅन्सरच्या पाल्बोसायक्लिब, रायबोसायक्लिब अशा नव्या गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे. रायबोसायक्लिब बाजारात आलं तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूटच्या शेजारी डाळिंबाचंही नाव होतं! ज्या फळाला आपण औषध समजून रुग्णाला पाजतो, तेच तिच्या औषधात अडथळा आणू शकतं. म्हणून रोज रस, काढा किंवा कॅप्सूल काहीही चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगायला हवं. लपवू नये. केमोथेरपी चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा रस्त्यावर कापून ठेवलेली फळं टाळावीत. घरी धुऊन, सोलून खावीत.

आणि रोजाबद्दल. आजारी माणसाला रोजातून सवलत आहे, ती कुरआनातच दिलेली आहे. बरं झाल्यावर ते रोजे नंतर ठेवता येतात, आणि ज्याला पुढेही जमणार नाही, त्यानं फिदया द्यावा, म्हणजे गरिबाला जेवू घालावं. केमोच्या दिवसांत उलट्या होतात, पाणी कमी पडतं. घरातल्या बायका तरीही हट्ट करतात, "एवढं वर्ष होऊ दे." ती सवलत घेणं म्हणजे दीन सोडणं नव्हे. काही रुग्णांना फक्त दिवसाला एक गोळी असते. त्यांना सहेरी किंवा इफ्तारला ती घेऊन रोजा ठेवता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावं. आपल्या मनानं गोळी बंद करू नये.

'ईद होऊ दे, मग बघू'

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांना शाबानच्या महिन्यात गाठ लागली. बोराएवढी. कोणालाच सांगितलं नाही. रमजान तोंडावर होता. सुनेला कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बेटा, दुखत तर काही नाही. ईद होऊ दे." ईद झाली, मग पुतण्याचं लग्न निघालं. तोवर कोणीतरी डाळिंबाचा रस आणि कसलीशी पावडर सांगितली होती. त्या दोन्ही गोष्टी नेमानं चालू होत्या. बकरी ईदपर्यंत गाठ लिंबाएवढी झाली आणि काखेतही एक आली. मग शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन. आज त्या आहेत, नातवंडांना शाळेत सोडायला जातात. पण शाबानमध्ये जे थोडक्यात निभावलं असतं, त्यासाठी दीड वर्ष गेलं. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाल्या, "आमच्या आत्यांचं अगदी हेच. फक्त ईदच्या जागी दिवाळी."

'दुखत नाही' हेच वाक्य सगळ्यात जास्त फसवतं. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, त्वचेवर खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर दाखवावं. तपासलेल्या गाठींमधल्या पुष्कळ कॅन्सरच्या नसतात. पण ते बोटानं नव्हे, तपासणीनं कळतं.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. मृत्यूंचं हे प्रमाण इतकं मोठं असण्याचं एक ठळक कारण म्हणजे आपल्याकडे बायका फार उशिरा पोचतात.

लवकर पोचण्याचा उपाय फार महागही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी घरच्या जवळ येऊन नुसत्या हातानं स्तन तपासत. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांमध्ये कॅन्सर लवकरच्या अवस्थेत सापडला. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूंमधला फरक ठाम म्हणावा इतका नव्हता, पण पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. कोणत्याही फळानं आजवर एवढं करून दाखवलेलं नाही.

सरकारच्या कार्यक्रमातही तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी हाताची तपासणी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारलं तर कळतं. ज्या सोलापूर जिल्ह्यातून डाळिंबं जगभर जातात, त्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून खेड्यांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली नोंदवही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचारही बसतात. पैशाची काळजी असेल तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी बोलावं.

राहता राहिली शरम. बाई तपासायला हवी असेल तर तसं सांगता येतं. आरोग्य सेविका आणि महिला डॉक्टर बहुतेक ठिकाणी असतात. तरावीहनंतर बायका घराघरांत बसतात, हळदीकुंकवाला जमतात, भिशीला जमतात. तिथं डाळिंबाचे भाव निघतात, साड्यांचे निघतात, सुनांच्या तक्रारी निघतात. एखाद्या दिवशी हाही विषय काढा. कोणीतरी गप्प बसलेली असेल, तिच्यासाठी. आणि तिनं नंतर एकटीला गाठून विचारलं, तर ईदची किंवा कसल्याही सणाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत दवाखान्यात जा. वाटेत हवं तर डाळिंब घ्या.